बंद गळ्याचा कोट

११ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं. पहिलंच अक्षर उमटलं आणि खोडलं. वरचा डाग त्याचाच आहे, शाई सांडलेली नाही.

परवा तुझ्या दवाखान्यात सतरा पेशंट होते. आकडा खात्रीचा आहे, कारण तुझ्या कंपाउंडरने मला दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा सतराही जण माना वळवून बघत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या शिंप्याला. तुझा पहिला पांढरा कोट ज्याने शिवला, त्याला. तुला चढवलेला आवाज आवडत नाही. ठीक आहे, कागदावर चढवतो. पुलापलीकडे वीस मिनिटांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र धाडणारा गावातला पहिला गाढव मीच असेन. तुझी वहिनी म्हणालीसुद्धा, "पत्रं कसली लिहिताय? त्याला आता कविता पाठवणार का?" मी म्हटलं, कविता नाही, शिव्या पाठवतोय. तर म्हणाली, "मग तिकिटाचे पैसे माझे."

परवा तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता सलग वाच.

माझी लेक, आमची ताई, एकोणीस वर्षांची असताना मी तिला तुझ्याकडे आणलं. पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर केस दिसायला लागले होते, पोर आरशात बघायला लाजायची. तू सोनोग्राफी केलीस. बीजकोशावर बारीक गाठींची माळ दाखवलीस आणि म्हणालास, "पीसीओएस. घाबरू नका, हल्ली घरोघरी असतं. गोळ्या घे आणि वजन उतरव." आम्ही घाबरलो नाही. घरचाच डॉक्टर, घाबरायचं कशाला?

पुढे सतरा वर्षं. काका, मला सारखी थंडी वाजते. वजन उतरव. काका, केस मुठीमुठीने जातात. वजन उतरव. काका, कामाच्या टेबलावर दुपारी डोळा लागतो, आवाज घोगरा झालाय, जिना चढवत नाही. रात्री फोन बघत बसू नकोस, आणि वजन उतरव. आपल्या शाळेत कवितेचं ध्रुवपद सगळा वर्ग मिळून म्हणायचा, आठवतं? ते इतकं तोंडात बसायचं, की मधली कडवी कोणी ऐकायचंच नाही. तसं झालं तुझं. पोर कडव्यामागून कडवं सांगत होती, आणि तू ध्रुवपद म्हणत होतास.

दोनदा दिवस राहिले, दोनदा गर्भ गेला. दुसऱ्या वेळी तू जावयाला बाजूला घेऊन सांगितलंस, "हिने थोडं मनावर घ्यायला हवं." तो भला माणूस, त्याने आम्हाला सांगितलं नाही. ताईला मात्र सांगितलं. ती काय मनावर घेणार होती रे? तिचं मनसुद्धा तेव्हा थंडीने काकडत होतं.

नोव्हेंबरात ती नकाशे काढायच्या कचेरीत पायऱ्यांवर कोसळली. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तुझ्या लेकीहून, बबडीहून, फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिने ताईला वजनकाट्यावर उभं केलं नाही. ती तिच्या मागे उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "पाण्याचा एक घोट घ्या." घोट गिळताना बोटांखाली गाठ वर गेली आणि खाली आली. एवढंच. सतरा वर्षांत तू ताईला एक घोट पाणी पाजलं नाहीस.

मग रक्त तपासलं. टीएसएच असायला हवा त्याच्या सहापट. अँटीबॉडी इतक्या, की प्रयोगशाळेने आकडाच लिहिला नाही, 'याहून जास्त' एवढं लिहिलं. शरीर आपल्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला परकी समजून कुरतडत होतं. ज्या मुलींना पीसीओएस असतो त्यांच्यात ही दुखणी इतरांपेक्षा जास्त सापडतात, म्हणून एक दिसलं की दुसरं बघायचंच असतं, असं त्या बाईंनी सांगितलं. कोणामुळे कोण येतं हे अजून कोणालाच पक्कं ठाऊक नाही. दोन गर्भ गेले ते याच्याचमुळे, असंही त्या छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या आधीच्या डॉक्टरांचं निदान चूक नव्हतं हं."

इथेच मी पेटलो! चुकला असतास तर मी माफ केलं असतं. तू बरोबर होतास. गणिताचे मास्तर दोन उत्तरांची गणितं घालायचे, आणि तू पहिलं उत्तर आलं की पाटी पालथी घालून खिडकीबाहेर बघत बसायचास. छडी खाल्लीस, पण खोड गेली नाही. आज छडी खाणारी दुसरीच आहे.

— तुझ्या कंपाउंडरने बाहेर काढलेला


३ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

उत्तर पोचलं. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलंस तेही बरं केलंस, निदान अक्षर ओळखीचं वाटलं. 'दादा, भावना समजतात. त्या काळी या तपासण्या सर्रास होत नसत. शिवाय तिचं वजन हा मुद्दा होताच. प्रकृतीस जपावे.'

भावना समजतात! पन्नास वर्षं सदरे शिवतोय. कापड फाटलं की गिऱ्हाईक माझ्या भावना विचारत नाही, शिवण बघतं. आणि 'त्या काळी' म्हणजे कोणत्या काळी? ताई तुझ्याकडे गेल्या सप्टेंबरात येऊन गेली. सप्टेंबर हा काळ इतिहासात गेला का?

आता वजन. ढब्बू, तू हा शब्द लिहिलास? तू?

आठवीपर्यंत तुझं खरं नाव मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत पोरं कडं करून नाचायची: 'ढब्बू ढब्बू ढोल, चाल कशी गोल!' तू शिवणयंत्राखाली येऊन दडायचास, आईच्या पायांपाशी, आणि तोंडात बोळा कोंबून रडायचास. तुझ्या चड्डीची कंबर दर सहा महिन्यांनी मीच उसवायचो. तुला कधी म्हटलं का मी, 'मनावर घे' म्हणून?

यंत्राखालचे ते दिवस मला फार आठवतात. म्हातारपणी माणसाला तेवढंच काम उरतं. आई यंत्राचं पायडल मारायची, आणि त्या ठेक्यावर मी तुला कविता पाठ करवायचो. फुलपाखरांच्या, डोंगराच्या, राजाच्या घोड्याच्या. यंत्र दौडलं की घोडा दौडायचा. मग हळूहळू आईचा पाय मंदावला. घोडा चालायला लागला, मग उभाच राहायला लागला. आम्ही पोरं हसायचो. अख्खं घर तिला 'हळूबाई' म्हणायला लागलं. ऐन उन्हाळ्यात गळ्याला मफलर. बाबा म्हणायचे, "हिचं सगळंच उलटं." ती नुसती हसायची, तेही हळू.

भिंतीवरचा तिचा फोटो काल मी खाली काढला. काच पुसली. मफलर आहेच. पण तो गळ्यावर सपाट बसलेला नाही रे. चाळीस वर्षं रोज बघतोय मी तो फोटो, आणि माझा धंदा काय, तर कापड अंगावर कसं बसतं ते बघायचं.

तू तर डॉक्टर आहेस. तुझ्या दवाखान्यातही आहे ना तोच फोटो, तुझ्या खुर्चीच्या मागे? पेशंटला दिसतो. तुझी त्याच्याकडे पाठ असते.

— दादा (पुन्हा तसं म्हणवून घ्यायची इच्छा नाही, पण सवय जात नाही)


१७ फेब्रुवारी

डॉक्टर,

हे पत्र भांडणाचं नाही, म्हणून आधी वाच आणि मग फाड.

काल बबडी दुकानात आली होती. तुझ्या बायकोने पाठवली. भांडण असो की नसो, शाळेचा शेवटच्या वर्षाचा बंद गळ्याचा कोट माझ्याशिवाय या गावात कोण शिवतो? एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वर्गाचा फोटो आहे. नियम तुला माहीतच आहे, गळ्याचं वरचं बटण लावल्याशिवाय फोटोवाला कोणालाही रांगेत उभं करत नाही. तूही त्या रांगेत लाल होऊन उभा होतास, श्वास कोंडून.

पोर आत आली तीच जांभई देत. म्हणाली, "मोठे काका, बाबांना सांगू नका, मी तुमच्याकडे आले की मला बरं वाटतं. घरी सगळे तोंड बंद करून बसलेत."

मी म्हटलं, "बंद गळ्याच्या घरात बंद तोंडंच असायची."

"वर्गात मला काय म्हणतात माहितीय? कुंभकर्णाची आत्या. दुसऱ्या तासालाच झोप लागते."

"मग झोप की. मी भूगोलाला झोपायचो."

"तुम्ही कवितेला जागे असायचात ना? मी कवितेलाही झोपते."

हसली. हसताना आवाज किंचित घोगरा. मी टेप गळ्याभोवती घेतली, दोन बोटं आत घातली, जशी घालतो, आणि आकडा बघितला. पुन्हा बघितला.

"काका, श्वास का धरलात? माप माझं चाललंय."

गेल्या वर्षी साडेबारा होता. आता सव्वातेरा आहे.

थांब. तू आता तोंडातून तो शब्द काढशील, म्हणून मी छाती आणि कंबरही दोन-दोनदा मोजली. वजन वाढलं तर टेप सगळीकडे वाढते. हिची छाती गेल्या वर्षीचीच, कंबर अर्ध्या इंचाने कमी. उपाशी ठेवतोस ना तिला? वाढलाय तो एकटा गळा.

पडद्याआड तुझी वहिनी तिला अस्तर लावून बघत होती. बायकांचं बोलणं मी ऐकलं नाही, पण ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. बबडी गेल्यावर म्हणाली, "पोरीची पाळी पाच महिने आली नाही. दप्तरात गोळ्यांची पट्टी आहे. तीच पिवळी. सतरा वर्षं मी ती ताईच्या उशाखाली बघितलीय, मला रंग चुकायचा नाही."

म्हणजे पहिलं उत्तर तुला इथेही मिळालेलं आहे. पाटी पालथी घालू नकोस.

तुझी वहिनी गप्प बसणारी नव्हे. आज सकाळी ती बबडीला शाळेच्या वाटेवरून सरळ तपासणीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथली मुलगी म्हणाली, वय सतरा, वडिलांची सही आणा. वडील कोण ते कळल्यावर हसली आणि म्हणाली, "मग अडचण काय? डॉक्टरच तर आहेत!"

एक सही. चमचाभर रक्त. टीएसएच आणि अँटीबॉडी. मी शिंपी असून मला पाठ झालंय.

— दादा


२५ फेब्रुवारी

ढब्बू,

आठ दिवस झाले. सही नाही. तुझ्या बायकोने निरोप पाठवला की तू म्हणतोस, "दादाच्या टेपवर मी माझ्या मुलीला आजारी ठरवणार नाही."

बरोबर आहे. माझ्या टेपचं मोठं नाव करू नकोस. तिची लायकी काय आहे, ते आज सांगतो. हे सांगायचं नव्हतं. पहिल्या पत्रात मी शिताफीने टाळलं आणि मनात खूश झालो, की सगळं तुझ्या पदरात नीट बसलं.

ताईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, "गळा कधीपासून वाढतोय, काही अंदाज?" ताईने फोन केला. "अण्णा, तुमच्या मापवहीत माझी मापं असतील ना? लहानपणापासून सगळे कपडे तुम्हीच शिवलेत. बघून सांगाल?" केवढ्या विश्वासाने विचारलं पोरीने.

मी वह्या काढल्या. सोळाव्या वर्षी साडेबारा. सतराव्या वर्षी, त्याच शाळेच्या कोटासाठी, तेरा. तेव्हा छाती तीच, कंबर तीच. एकोणिसाव्या वर्षी साडेतेरा, तेव्हा तिला तुझ्याकडे आणली. लग्नाच्या वेळी चौदा. गेल्या वर्षीच्या निळ्या कोटाला साडेचौदा. सगळं माझ्या अक्षरात. वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर.

आणि मी काय केलं दर खेपेला? गळा वाढवून दिला. शिवणीतली माया, आत दुमडलेलं जादा कापड, सोडली, बटण पाव इंच सरकवलं, कॉलरला आतून तिरकी पट्टी लावली म्हणजे दाबणार नाही. ती म्हणायची, "अण्णा, गळा दाबतो हो." मी म्हणायचो, "उद्या ये, मोकळा करतो." चांगला शिंपी! अंगाला काय झालंय ते विचारायचं नाही, कापड अंगाप्रमाणे करून द्यायचं. हीच माझी हुशारी, यावरच माझं नाव. तू सतरा वर्षं तिचा गळा बघितला नाहीस. मी वीस वर्षं बघितला, मोजला, लिहून ठेवला, आणि त्याची वाढ कोणाला दिसू नये अशी व्यवस्था केली.

तिच्या शाळेच्या फोटोत बटण कसं झकास लागलंय बघ. ते माझं काम.

मग मी ताईला फोन केला आणि सांगितलं, जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या.

तुझी वहिनी शेजारीच मटार सोलत होती. शेंग तेवढी जोरात मोडली.

दवाखान्यात मी तुझ्यावर ओरडत होतो तेव्हा त्या वह्या माझ्या दुकानात फळीवर होत्या, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. माझा राग खोटा होता असं समजू नकोस. तो दोघांना पुरेल एवढा आहे, आणि तुझा वाटा मी कमी करत नाही. पण तू टेपवर विश्वास नाही म्हणालास. टेप खोटं बोलली नाही रे. टेप धरणारा बोलला.

सही कर.

— दादा


६ मार्च

ढब्बू,

या पत्राबरोबर बबडी आहे, आणि तिच्या हातात कोट आहे.

कोट चांगला झालाय. खांदे बघ, एक सुरकुती नाही. बाह्या मनगटाच्या हाडावर थांबतात, आतल्या खिशाला मी लाल कड लावलीय, कारण तिला लाल आवडतो. एक गोष्ट मात्र आयुष्यात पहिल्यांदा केली. गळा गेल्या वर्षीच्या मापाने शिवला. साडेबारा. बरोबर साडेबारा, एक दोराही जास्त नाही.

तिला फसवलेलं नाही. तिला सगळं सांगितलंय. ताईचं, आजीच्या मफलरचं, माझ्या वह्यांचं. ती बराच वेळ टेपशी खेळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये?"

सतरा वर्षांच्या पोरीने हे विचारावं. तुझ्या घरात. मी म्हटलं, "ते रक्त बघून कळेल. पण मला विचारशील तर नाहीस."

ती म्हणाली, "आणि बाबांना राग आला तर?"

"तर मला शिव्या दे म्हणावं. मला सवय झालीय."

दुकानातल्या आरशासमोर मी तिला बटण लावू दिलं नाही. सांगितलंय, घरी जा, बाबांच्या पुढ्यात उभी राहा आणि म्हण, बाबा, वरचं बटण तुम्ही लावा.

तेव्हा लाव. कंपाउंडरला सांगू नकोस, बायकोला सांगू नकोस. तुझ्या बोटांनी लाव. सव्वातेराच्या गळ्यावर साडेबाराची पट्टी मिटवायला तुला बोटं आत घालावी लागतील, गळ्याला लावावी लागतील, जोर करावा लागेल. जोर कर. माझ्या टेपवर विश्वास नाही ना, मग स्वतःच्या बोटांवर ठेव. आणि बोटं तिथे असतानाच तिला पाण्याचा एक घोट घ्यायला सांग.

बटण लागलं तर मी हरलो. दवाखान्यात येऊन सतरा माणसांसमोर कान धरीन.

फोटोला महिना आहे. तोवर हा कोट मी मोकळा करणार नाही. वीस वर्षं मोकळाच करत आलो.

— दादा


२८ मार्च

ढब्बू,

कोट परत आला. लाल कडेच्या खिशात रक्ताचा कागद आणि तुझी चिठ्ठी. या खेपेला भावना समजल्याचं लिहिलं नाहीस, त्याबद्दल आभार. 'टीएसएच वाढलेला. अँटीबॉडी आहेत. लवकर सापडलं. सकाळची गोळी सुरू केली. मी स्वतःचंही रक्त तपासायला दिलं आहे. गळा वाढवून दे.'

बबडीने बाकीचं सांगितलं. तू बटण लावायला गेलास, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा तुझे हात तसेच तिच्या गळ्यावर राहिले. मग तू पाणी आणायला स्वतः उठलास. पेला भरून आणलास आणि तो हातात धरून इतका वेळ उभा राहिलास, की शेवटी तीच म्हणाली, "बाबा, द्या ना." तिने घोट घेतला. तू तसाच दवाखान्यात गेलास आणि आईचा फोटो समोरच्या भिंतीवर टांगलास.

बरं केलंस. माझा राग त्याने गेला असं मात्र समजू नकोस. ताईची सतरा वर्षं आहेत, ती काही खिळा बदलून भिंतीवर सरकत नाहीत.

गळा आज वाढवला. आत पाऊण इंच माया दुमडून ठेवलीच होती मी. कापून टाकायला हात धजला नव्हता. सव्वातेरा, आणि दोन बोटं सैल. सोमवारी फोटोला बटण लागेल, आणि ते का लागतंय हे घरात सगळ्यांना ठाऊक असेल.

आता माझं. वह्या मी ताईला पोस्टाने पाठवल्या, सगळ्या. वर एक ओळ लिहिली, 'वाळवीचं खोटं सांगितलं होतं.' पुढे एखादी चांगली ओळ सुचेल म्हणून तासभर बसलो. शेकडो कविता पाठ आहेत, त्यातली एकही कामाला आली नाही.

पंधरा दिवस फोन नाही. काल आला. मी उचलला, तर ती म्हणाली, "आईला द्या." तुझी वहिनी बोलत होती, मी दारात उभा. "हो... हो... वाळवी होती गं. वह्यांना नव्हती, एवढंच." आणि मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "ताई म्हणते, येऊ देत. पण दोघांनी एकत्र यायचं. एकट्याने येऊन दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत. दोघांनी समोर बसायचं, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही. काकांनी सल्ला द्यायचा नाही आणि अण्णांनी कविता म्हणायची नाही."

तेव्हा रविवारी सकाळी ताईच्या गावची आठची बस. मी थांब्यावर असेन. साडेचार तासांचा रस्ता आहे. खिडकीची जागा तू घे, लहानपणापासून तुलाच लागते.

शेजारी बस. पण माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस.

— दादा